तांबड्या पाण्यातली पिलं

डेल्फीन लामोरोला कुणी ‘नको’ म्हटलं की तिचा हात आपोआप त्याच गोष्टीकडे जातो, असं तिचा नवरा आल्विन सांगतो. ते अर्धंच खरं आहे. नको म्हणणाऱ्याला कारण धड सांगता आलं तर डेल्फीन निमूट ऐकून घेते. फक्त अठ्ठावन्न वर्षांत तिला अशी माणसं फार थोडी भेटली, त्याला ती बिचारी काय करणार?

आमच्या रेझवर, म्हणजे ओजिब्वे लोकांच्या राखीव जमिनीवर, ओढा जिथे सुपिरिअर सरोवराला मिळतो तिथे जमातीचं अंडी उबवायचं केंद्र आहे, हॅचरी म्हणतात त्याला. डेल्फीन तिथे एकोणीस वर्षं कामाला. कागदावर तिचा हुद्दा ‘मदतनीस’. काचेच्या बरण्यांत माशांची अंडी घोळत असतात, त्यातली मेलेली पांढरी अंडी नळीनं ओढून काढायची, बरण्या धुवायच्या, टाक्या घासायच्या, जाळी साफ करायची. बाहेरून शिकून आलेली मंडळी ह्याला हलकं काम म्हणतात. संध्याकाळी पाठ धरून बसणाऱ्याला मात्र ते चांगलंच जड वाटतं.

अंडी ओगाची. बाहेरचे लोक त्याला वॉलआय म्हणतात. लांबट, सोनेरी, दातेरी मासा, आणि डोळे असे की वाटावं म्हाताऱ्याच्या डोळ्यांत सारा वाढलाय. पण त्या डोळ्यांवर जाऊ नका. अंधुक पाण्यात दुसरा कुठलाही मासा चाचपडत असतो तेव्हा ओगाला सगळं लख्ख दिसतं. त्याच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला चकचकीत अस्तर असतं, आत आलेला उजेड त्यावर आपटून परत फिरतो, आणि एकाच उजेडात तो दोनदा बघून घेतो. म्हणून तर दिवा मारला की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच निखाऱ्यांवर भाला नेम धरून मारत आले.

डेल्फीन तेवीस वर्षांची होती तेव्हा कोर्टानं आमचा तो भाल्यानं मासेमारी करायचा जुन्या करारातला हक्क मान्य केला. त्यावर आजूबाजूच्या गावांतली माणसं तळ्यांच्या काठी जमून शिव्या द्यायला लागली, दगड मारायला लागली. आल्विन होडीच्या टोकाला भाला घेऊन उभा असायचा आणि ती मागे दिवा धरून. एकदा दगड तिच्या खांद्याला लागला. आल्विन ओरडला, “खाली बस!” ही म्हणाली, “बसले तर दिवा हलेल. दिवा हलला तर तुला डोळे कसे दिसणार? तू मासा मार.” त्या वेळी त्यांनी अकरा मासे आणले. खांद्याचं ते हाड अजूनही थंडीत दुखतं, आणि दुखलं की ती अकरा मासे मोजून दाखवते.

अशा बाईवर साहेब म्हणून आला क्विन.

क्विन परका नव्हता. डेल्फीनच्या मावसबहिणीचा मुलगा, तिच्या डोळ्यांसमोर रांगलेला. माशांचं शास्त्र शिकून विद्यापीठाची पदवी आणणारा आमच्यातला पहिलाच. तो परत आला तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये मोठं जेवण झालं, जंगली तांदूळ शिजला, डेल्फीननं स्वतः दोनशे तळलेल्या भाकऱ्या केल्या. पोरगा गुणी होता, नम्र होता, कष्टाळू होता. त्याची एकच गोम होती. त्याआधी चार वर्षं तो दूर, निवळ पाण्यातल्या ट्राउट माशांच्या एका केंद्रात होता, आणि ट्राउटला जे चालतं ते सगळ्यांना चालतं हे त्याच्या मनात घट्ट बसलेलं.

पहिली चकमक एप्रिलमध्येच उडाली. अंड्यांसाठी धरून आणलेले मोठे ओगा गोल हौदात ठेवले होते. क्विननं वर नवे दिवे बसवले, आणि सकाळी सातच्या ठोक्याला ते आपोआप एकदम लागायचे. लागले की हौदात धाडधाड सुरू. मासे भिंतीवर नाकं फोडून घ्यायचे. डेल्फीन म्हणाली, “त्यांना पापण्या नाहीत रे. तू आणि मी डोळे मिटून घेतो, बाहुली बारीक करतो. हे काय मिटणार?”

“मला माहीत आहे, मावशी,” क्विन म्हणाला, आणि त्याला खरंच माहीत होतं. “त्यांच्या डोळ्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. काही भर उजेडाच्या, काही अंधुक उजेडाच्या. उजाडलं की एक पुढे सरकतात, दुसऱ्या मागे जाऊन लपतात. पाळी बदलल्यासारखं. त्याला अर्धा तास तरी लागतो.”

“मग त्यांना अर्धा तास दे की!”

क्विन हसला. म्हणाला, तसं यंत्र मागवावं लागेल, पुढच्या वर्षी बघू. डेल्फीननं यंत्राची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती साडेसहाला यायची, पूर्वेचं मोठं दार अर्धं उघडायची, पहाट आत येऊ द्यायची, आणि दिव्यांवर पिठाची रिकामी पोती टाकून ठेवायची. धाडधाड थांबली. क्विननं पोती बघितली आणि तशीच राहू दिली. ह्याला जिंकणं म्हणायचं की नाही ह्यावर तिच्यात आणि आल्विनमध्ये दोन दिवस वाद झाला.

खरी गोष्ट मे महिन्यातली.

दरवर्षी अंडी फुटली की दोन-तीन दिवसांची पिलं आम्ही थेट पाण्यात सोडून द्यायचो. पापणीच्या केसाएवढी ती, दहा हजारांतली एखादी मोठी व्हायची. बाकीची कुणाच्या ना कुणाच्या पोटात. या वर्षी जमातीनं नवी खोली बांधली होती, त्यात आठ निळ्याशार टाक्या. चाळीस हजार पिलं तिथेच वाढवायची, बोटाएवढी झाली की सोडायची. गेली चार वर्षं तळ्यात लहान ओगा दिसेनासा झाला होता. ही चाळीस हजार जगली तर पुढे आमच्या पोरांना भाला मारायला काही उरणार होतं. कल्पना क्विनची, आणि कल्पना चांगलीच होती. डेल्फीनही तसं म्हणायची.

पिलं फुटली. पहिले दोन दिवस पोटातल्या बलकावर गेले. तिसऱ्या दिवशी क्विननं टाक्यांत पिलांचं खाणं टाकलं. मिठाच्या पाण्यात उबवलेली ठिपक्याएवढी नारिंगी कोळंबी. टाकीच्या मधोमध नारिंगी धूर पसरल्यासारखी ती दिसायची. आणि पिलं? पिलं सगळी भिंतीला. प्रत्येक टाकीत पाच हजारच्या पाच हजार निळ्या भिंतीला नाक लावून, शेपट्या वळवळवत, जणू भिंतीतून वाट काढायची आहे. नारिंगी धूर मधून खाली जायचा, तळाशी बसायचा, आणि डेल्फीन तो नळीनं ओढून फेकून द्यायची.

चौथ्या दिवशी तिनं तोंड उघडलं.

“क्विन, ही खात नाहीयेत.”

“खातील, मावशी. अजून बलक आहे.”

“आणि बलक संपला की?”

“तोवर शिकतील.”

“कोण शिकवणार? भिंत?”

क्विननं समजावून सांगितलं. त्याची ती सवय चांगली होती, तो झिडकारून टाकत नसे. “हे बघ, मोठा ओगा उजेडापासून पळतो, कारण त्याच्या डोळ्यात आरसा आहे. पिलांना तो आरसा अजून आलेला नाही. अंधुक उजेडाच्या पेशी पण नाहीत. आत्ता त्यांच्याकडे फक्त भर उजेडात बघणारा डोळा आहे. त्यांना उजेड लागतो, त्याशिवाय खाणं दिसत नाही. म्हणून मी आज दिवे आणखी वाढवतोय.”

दिवे वाढले. पिलं भिंतीला आणखी चिकटली.

आता हे शास्त्र चुकीचं होतं का? मुळीच नाही. एकूण एक शब्द खरा होता. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडे, आणि डेल्फीनला ते दिसत होतं, कारण ती टाकीत वाकून बघायची आणि क्विन तक्त्यात वाकून बघायचा.

“उजेड हवा आहे, म्हणून तर धावतायत!” ती म्हणाली. “पण तुझी भिंत चकाकतेय. उजेड भिंतीवर आणि जेवण मध्ये. समोरून गाडीचे हेडलाइट मारते तुझ्यावर, त्याच्याकडे बघत बघत घास तोंडात घालून दाखव.”

“मग काय करायचं म्हणतेस? अंधार करू?”

“माती घाल.”

क्विनला वाटलं ती चेष्टा करतेय. पण डेल्फीन गंभीर होती. इथल्या ओढ्याला तांबडी चिकणमाती आहे. मेमध्ये पाऊस झाला की पाणी टोमॅटोच्या सारासारखं होऊन सरोवरात उतरतं, आणि बाहेरून आलेले लोक नाक मुरडतात. डेल्फीन वीस-पंचवीस वर्षं त्या मुखाशी पांढरी एनॅमलची परात बुडवून बघत आलेली. निवळ पाण्यात पिलं मिळायची ती रोडकी. त्या तांबड्या सारात मिळायची ती पोट भरलेली, सगळीकडे सारखी पसरलेली. कुणी तिला बघायला सांगितलं नव्हतं. तिला आपलं बघायला आवडायचं.

“धुक्यात गाडी चालवली आहेस ना?” तिनं विचारलं. “धुक्यात उजेड एका जागेवरून येतो का? सगळीकडून येतो. गढूळ पाण्यात तसंच होतं. भिंत दिसेनाशी होते, कुठली एकच बाजू चकाकत नाही, मग पोर जागच्या जागी थांबतं आणि नाकासमोरचा ठिपका त्याला दिसतो.”

“कल्ले चोंदतील.”

“त्यांच्या आयांचे चोंदले नाहीत.”

“मातीत रोगजंतू असतात, मावशी. टाकीत मी ओढ्याची माती घालू? मला हाकलून देतील! ट्राउटच्या केंद्रात तर—”

“ट्राउट!” डेल्फीन म्हणाली. “ट्राउट म्हणजे पाहुणा. त्याला गाळलेलं पाणी लागतं, उशाला उशी लागते. हा घरचा मासा आहे.”

क्विनचा चेहरा लाल झाला. त्यानं दारामागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘परवानगीशिवाय टाक्यांत काहीही घालू नये.’ खाली सही केली. डेल्फीननं तो मजकूर हळूहळू, ओठ हलवत वाचला, खडू उचलला आणि त्याच्या सहीखाली लिहिलं: ‘वाचलं. डेल्फीन.’

त्या दुपारी घरी जाताना तिनं ओढ्याच्या दरडीतून दोन बादल्या माती खणून नेली. रोगजंतूंचं त्याचं म्हणणं तिला पटलं होतं. पटण्यासारखं असेल ते ती पटवून घेते. तिनं माती पसरट भांड्यांत थापली आणि ओव्हन पूर्ण तापवून त्यात सरकवली. आल्विन स्वयंपाकघरात आला, वास घेतला, दार उघडून बघितलं.

“आज जेवायला काय, ओढ्याची दरड?”

“तुला नाही. पोरांना.”

“क्विनला विचारलंस?”

“विचारलं. नको म्हणाला.”

“मग झालं,” म्हणून आल्विननं खुर्ची ओढली. “पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.”

“माशाशी कुठे करतेय? साहेबाशी करतेय.”

भाजलेली माती तिनं लाटण्यानं कुटली, जुन्या उशीच्या अभ्र्यातून चाळली, पाण्यात कालवली, वरचं बारीक तेवढं ओतून घेतलं.

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता, हॅचरीतले सगळे जण कॉफीचे कप घेऊन टाक्यांशी उभे असताना, डेल्फीन बादली घेऊन आली. तिला हे कुणाच्या पाठीमागे करायचं असतं तर सहालाच आली असती, चावी तिच्याकडेच असते. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नाही. ती सहा नंबरच्या टाकीशी गेली, वाकली, आणि संथपणे, एका धारेनं, तांबडं पाणी आत सोडलं.

“मावशी! काय करतेयस?”

“डोळे आहेत ना तुला? ओततेय.”

टाकी बघता बघता तांबडी झाली. तळ गेला, भिंती गेल्या, पिलं गेली. क्विननं कप आपटून ठेवला आणि खाली वाकून टाकीची झडप धरली, सगळं पाणी सोडून द्यायला.

डेल्फीन त्याच्याशेजारी बादली पालथी घालून तिच्यावर बसली. “फिरव,” ती म्हणाली. “पण तासाभरानं. तास झाला की तू झडप फिरव, मी स्वतः घासून देते, आणि चावी ठेवून घरी जाते. एक तास तुझ्याकडे नाही? पाच दिवस घालवलेस.”

क्विनचा हात झडपेवरच होता. त्यानं घड्याळ बघितलं. मग हात काढला, पण तिच्याकडे न बघता म्हणाला, “तू घरी जा. मी नंतर बोलतो.”

“नाही जात. पाणी वाहतं आहे, माती धुऊन जाते. मी उठले की ही निवळणार.”

आणि ती बसली. दर थोड्या वेळानं वाटीभर तांबडं पाणी घालत राहिली. क्विन बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. तास झाला तेव्हा तो पांढरी बशी घेऊन आला. पाच नंबरच्या स्वच्छ टाकीतून वीस पिलं काढली, सहा नंबरच्या तांबड्या टाकीतून वीस. ह्या वयात पिलू काचेसारखं आरपार असतं. खाल्लं असेल तर पोटात नारिंगी रेघ दिसते, नसेल तर नाही. त्यात वाद घालायला जागाच नसते.

पाच नंबरची मोजली: दोन. सहा नंबरची मोजायला घेतली आणि क्विनच मोठ्यानं मोजायला लागला. पंधरा, सोळा, सतरा. तो थांबला. बशी त्यानं खिडकीशी नेली आणि परत एकदा मोजली. सतराच.

डेल्फीनला त्या वेळी इतका आनंद झाला की तिला रडू आलं, आणि रडू आलं ह्याचा राग आला, म्हणून ती म्हणाली, “बघत काय बसलास, उरलेल्या सात टाक्या कोण करणार?”

क्विननं बशीतली पिलं परत टाकीत सोडली. मग म्हणाला, “उद्या दुपारनंतर.”

“का?”

“उद्या सकाळी जमातीचं कौन्सिल येणार आहे, मावशी. ह्या खोलीचं पुढे काय करायचं ते ठरवायला. चाळीस हजार पिलं दाखवतो म्हणून मी कबूल केलंय. ते येणार आणि त्यांना काय दाखवू, आठ टाक्या चिखल? ते जाऊ देत. मग सगळीकडे घालू. सहा नंबर पण आज रात्रीपुरती असू दे, सकाळी निवळू दे.”

“बाकीच्यांच्या पोटातला बलक किती दिवसांचा उरलाय?”

तो बशी पुसायला लागला.

“तुला माहीत आहे. सांग.”

“दोन. काहींचा दीड.”

“आणि त्यातला एक तू पाहुण्यांना वाढणार?”

“हा हुकूम आहे, मावशी,” क्विन म्हणाला. “ह्या वेळी खरंच हुकूम आहे. मोडलास तर मला कागद काढावा लागेल.”

“काढ,” ती म्हणाली.

मला त्या पोराची कीव येते. ट्राउटच्या केंद्रात असल्यापासून त्यानं चार वर्षं या खोलीसाठी अर्ज लिहिले होते, दारं ठोठावली होती. बघितल्याशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. पण भूक ही कौन्सिलच्या सवडीनं लागत नाही.

त्या संध्याकाळी डेल्फीनच्या घरचा ओव्हन बंद झालाच नाही. आल्विन कुरकुरत कुटत होता, ती चाळत होती. सकाळी उजाडताच तिनं चावी लावली, पूर्वेचं दार उघडलं आणि एकेक करून आठही टाक्या तांबड्या केल्या. मग त्यांत खाणं टाकलं.

क्विन आठला आला. दारातच थांबला. निवळायला दोन तास लागणार होते आणि कौन्सिल दहाला येणार होतं, म्हणजे वेळ अगदी नेमका उरला होता. तो एक नंबरच्या झडपेपर्यंत गेला. तिथून परत फिरला, ऑफिसात जाऊन बसला, आणि अर्ध्या तासानं कागद घेऊन आला. चौदा दिवस कामावरून दूर, आजपासून, इमारतीत यायचं नाही. सही त्याचीच, पण रोजच्यासारखी झोकदार नव्हती.

डेल्फीननं कागद वाचला, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला. “मिळाला,” ती म्हणाली. “आता बाजूला हो, चार नंबरला घालायचंय.”

दहाला कौन्सिलची अध्यक्ष मार्लीस आली, सोबत दोन सदस्य, तिघेही चांगल्या बुटांत. मार्लीस म्हणजे काठीलाही शिस्त लावणारी बाई. तिनं पहिल्या टाकीत वाकून बघितलं, दुसऱ्या टाकीत बघितलं, चष्मा पुसला, तिसऱ्या टाकीत बघितलं.

“मासे कुठायत?”

क्विननं घसा साफ केला. “हे… हा एक प्रयोग आहे, मॅडम. मीच सांगितलं की—”

“खोटं बोलू नकोस!” डेल्फीन मागून कडाडली. “तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी? मार्लीस, ह्यानं मनाई केली होती. फळ्यावर लिहून. मी केलं. आणि त्यानं मला काढलंय, हा कागद.”

मार्लीसनं कागद वाचला. “इमारतीत यायचं नाही, असं लिहिलंय. मग तू इथे काय करतेयस?”

“पोरं जेवतायत. जेवण झालं की जाईन.”

“कधी होणार?”

“तीन आठवड्यांनी.”

एका सदस्याला हसू फुटलं. मार्लीसनं त्याच्याकडे बघितलं आणि ते मिटलं. “डेल्फीन, आम्ही बघायला आलोय. आणि इथे बघण्यासारखं काहीही नाही. मला परत जाऊन लोकांना सांगायचंय, काय सांगू? तांबडं पाणी बघून आले?”

“तेच सांग,” डेल्फीन म्हणाली. “ती तुला दिसावीत म्हणून ठेवलेली नाहीत इथे. त्यांना दिसायला हवं. आणि आज त्यांना दिसतंय! स्वच्छ पाण्यात तू पाच हजार उपाशी पोरं छान बघितली असतीस आणि टाळ्या वाजवून गेली असतीस. परवा आम्ही ती नळीनं ओढून फेकली असती. शंभर माणसं काठावर उभी राहून मला नको म्हणत होती तेव्हा मी दिवा खाली केला नाही, आता तुम्ही तिघं आलात तर बादली खाली ठेवू?”

क्विननं बशी बुडवून मार्लीसपुढे धरली. ती नारिंगी रेघा बघत राहिली, एकेका पिलावर बोट धरून, ओठांतल्या ओठांत मोजत. मोजून झाल्यावर तिनं बशी परत दिली आणि चष्मा काढला.

“हे चांगलं आहे,” ती म्हणाली. “पण सही झालेला कागद हा कागद आहे. उद्या प्रत्येक जण आपापली बादली घेऊन येईल. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. क्विन, तिला बाहेर काढ.”

डेल्फीन हलली नाही. तिनं पाय थोडे फाकून घट्ट रोवले, होडीत उभी राहायची तसे.

क्विन तिच्याकडे बघत नव्हता. तो तीन नंबरच्या टाकीकडे बघत होता. एवढ्या बोलाचालीत तिथे कुणी वाटी घातली नव्हती. तांबडं पाणी विरळ होत चाललं होतं, एका कडेनं भिंतीची निळी पट्टी दिसायला लागली होती, आणि त्या पट्टीकडे पाच-सहा पिलं निघाली होती, पाठोपाठ आणखी वीसेक.

त्यानं डेल्फीनच्या हातातली बादली घेतली.

“काढतो,” तो म्हणाला. “पण आधी जरा बाजूला व्हा, मॅडम. तीन नंबर निवळतेय.”